डाऊन सिंड्रोम, ८ महिने, अंग फार ढिलं: घरी व्यायाम करताना हात नेमका कुठे धरायचा?

जुळेसोलापूरकर

नमस्कार. मुलगी ८ महिन्यांची, पूर्ण दिवसांची. कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) करून डाऊन सिंड्रोम पक्कं झालंय. टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाला छोटं छिद्र आहे, औषध चालू नाही, हृदयाच्या डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही म्हणून लिहून दिलंय. थायरॉइड सहाव्या महिन्यात नॉर्मल. व्हिटॅमिन डीचे थेंब रोज.

सध्या असं आहे: उभं कडेवर घेतलं तर मान धरते, पण हात धरून उठवायला गेलं की मान मागे राहते. पालथी घातली तर डोकं उचलते, अर्ध्या मिनिटात खाली टाकते, आणि हात विमानासारखे बाजूला पसरते. उताणी असताना दोन्ही मांड्या बाहेर पडलेल्या, बेडकासारख्या. उजवीकडून कुशीवर होते, डावीकडून नाही. बसवली की पुढे घडी होते, नाक पायाला लागतं.

फिजिओ आठवड्यातून एकदा. त्यांनी दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं व्यायाम सांगितलाय: पाय सायकलसारखे फिरवायचे, हात वर-खाली, हात धरून दहा वेळा उठवायचं. दहाव्या मिनिटाला ती रडायला लागते. शिवाय मालिशवाली बाई रोज येते, पाय डोक्यापर्यंत नेते, हात-पाय तिरके ओढते. सासूबाईंचं म्हणणं त्यानेच अंग धरेल. घरात भेट आलेला चाकांचा वॉकरही पडून आहे. पुण्याहून कुणी व्होयटा पद्धत सुचवली. यातलं काय ठेवू, काय सोडू? आणि मुख्य म्हणजे तिला धरताना माझे हात कुठे हवेत?

फिजिओ_सातरस्ता

ताई, सायकल फिरवणं आणि हात वर-खाली करणं उद्यापासून बंद केलंत तरी चालेल. त्यात सगळं काम तुमचे हात करतात. असा व्यायाम सांधे मोकळे ठेवायला असतो, आणि डाऊन सिंड्रोमच्या बाळाचे सांधे आधीच हवे त्यापेक्षा जास्त मोकळे असतात. स्नायूत ताकद येते ती बाळाने स्वतः हालचाल केली तरच. तुमच्या हाताने आधार इतकाच द्यायचा की उरलेलं काम तिला जमेल, आणि जमायला लागलं की तोही काढून घ्यायचा.

हात धरून उठवणं तर नकोच. अस्थिबंध (हाडांना सांध्यात बांधून ठेवणारे पट्टे) सैल असल्याने खांदा आणि कोपर ताणले जातात, आणि मान मागे लोंबकळली की मानेच्या पुढच्या स्नायूंना काही शिकायला मिळत नाही. याऐवजी कुशीवरून उठवा. उजव्या कुशीवर करा, तुमचा एक हात तिच्या खालच्या काखेजवळ बरगड्यांवर, दुसरा वरच्या बाजूच्या कमरेच्या हाडावर. कमरेवरचा हात हळू खाली आणि मागे दाबायचा. ती आधी कोपरावर येते, मग तळहातावर, मग बसते. मध्ये कोपरावर थांबा, मनात दहा आकडे मोजा. बहुतेक घरांत हे थांबणंच राहून जातं. ढिल्या बाळाचा स्नायू आज्ञेला उशिरा उत्तर देतो, आणि आई तेवढ्यात काम उरकून मोकळी होते. दिवसातून जितक्या वेळा तिला उचलता तितक्या वेळा याच वाटेने उचला, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून. वेगळी वेळ काढावी लागत नाही.

आता पालथं. फरशी शहाबादी असेल तर थेट तिच्यावर नको, कडक आणि घसरडी. पलंग किंवा गादीही नको. मऊ जागेत कोपर रुततं आणि टेकू मिळत नाही. सोलापुरी चादर चौपदरी घालून जमिनीवर, एवढंच पुरे. आपला साधा टर्किश टॉवेल लांबीत दुमडून घट्ट सुरळी करा, दोन्ही टोकं नाडीने बांधा, जाडी साधारण ८ ते १० सेंटीमीटर. ती छातीखाली, काखेच्या रेषेत. हात सुरळीवरून पुढे, कोपरं खांद्याच्या बरोबर खाली जमिनीला टेकलेली. कोपरं हवेत राहिली तर सुरळी जाड झाली, पातळ करा. पोटाखाली सरकली तर डोकं खाली जाईल आणि दूध बाहेर येईल.

मग तुमचा एक तळवा तिच्या कुल्ल्यांवर सपाट ठेवा आणि हळू खाली व पायांच्या दिशेने दाबा. असं केलं की वजन छातीवरून कमरेकडे जातं आणि डोकं उचलणं हलकं होतं. दाब बरोबर बसला तर दोन-तीन सेकंदांत डोकं वर येताना दिसेल. दुसऱ्या हाताने बाहेर पसरलेली कोपरं आत आणून धरा. खेळणं डोळ्यांच्या रेषेत, २५-३० सेंटीमीटरवर. उत्साहाने उंच धरलंत तर ती मान मागे टाकून खांदे कानाशी नेईल. बघणाऱ्याला वाटतं की वा, काय डोकं उचललंय, पण ती मानेच्या मागच्या भागावर नुसती टेकलेली असते. हनुवटी किंचित आत आणि मानेचा मागचा भाग लांब दिसला पाहिजे.

वेळ एका खेपेला एक-दोन मिनिटं. डोकं खाली गेलं, लाळ वाढली की थकली, उताणी करा. न रांगणाऱ्या बाळासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेला किमान आकडा दिवसभरात मिळून ३० मिनिटं आहे. तो दोन बैठकांत नाही, पंधरा-वीस तुकड्यांत गाठायचा. दूध पाजल्यावर अर्धा-पाऊण तास सोडायचा. आंघोळीला पायांवर पालथी घेता ना? तेही यातच धरा.

बसवणं. तिची पाठ वाकते कारण कटी (कमरेच्या हाडांचा सांगाडा) मागे कलंडते. पाठ सरळ करायला खांदे मागे ओढलेत तर काही उपयोग नाही. चादरीची घडी करून ३-४ सेंटीमीटरची कड तिच्या बसायच्या हाडांखाली मागच्या बाजूने सरकवा म्हणजे कटी पुढे झुकते. तिच्यामागे तुम्ही बसा, तुमच्या मांड्या तिच्या दोन्ही बाजूंना. हात आधी बरगड्यांवर, अंगठे मागे पाठीच्या कण्याशेजारी. पुढ्यात छातीच्या उंचीला काहीतरी ठेवा (चार विटांवर पाट, किंवा छोटा चौरंग) आणि हात त्यावर टेकू द्या. ज्या पातळीवर धरल्यावर हाताच्या वरचं धड दहा सेकंद सरळ राहतं ती तुमची आजची पातळी. ती सहज जमली की एक बोट खाली या. बरगड्यांवरून पोटाकडे, मग कमरेवर. घाईने कमरेवर गेलात तर वरचं सगळं कोसळतं आणि ती अस्थिबंधांवर लोंबकळत बसायला शिकते. उलट महिनोन्‌महिने बरगड्याच धरल्यात तर पोटाच्या स्नायूंना कामच पडत नाही.

गुडघ्यांमधलं अंतर खांद्यांएवढंच. पाय दोन्हीकडे फाकवून बसू लागली तर रुंद पायामुळे ती पडत नाही खरी, पण तोल सावरायची गरजच उरत नाही, आणि पुढे कुशीवरून रांगायला येणं अडतं. उताणी असताना दोन्ही मांड्यांना बाहेरून टॉवेलच्या सुरळ्या लावा. जुन्या लेगिंगच्या दोन्ही पायांची आतली शिवण जांघेपासून गुडघ्याच्या वर चार बोटांपर्यंत एकत्र शिवून घेतली तर पालथं असताना आणि रांगायच्या तयारीत मांड्या आत राहतात. जागेपणी, डोळ्यांसमोर, एका वेळी १५-२० मिनिटं.

डावी कूस: डावी मांडी स्थिर ठेवा, उजवी मांडी गुडघ्यात वाकवून हळूच डावीकडे आणा आणि अर्ध्यावर सोडा. पुढचं तिने करायचं. कमान टाकून मागे गेली तर मांडी सोडून खांदा पुढे आणा.

वॉकर द्या कुणालातरी. नाही, देऊही नका.

बालरोग_डॉक्टर

वरचं बरोबर आहे, दोन-तीन अटी घालतो.

लेगिंग शिवायच्या आधी खुब्याची तपासणी झालीय का? खुबा सैल किंवा बाहेर सरकलेला असेल तर मांड्या जवळ आणणं उलटं पडतं. चौथ्या-सहाव्या महिन्यापर्यंत सोनोग्राफी, त्यानंतर साधा एक्स-रे. ८ महिन्यांना एक्स-रे चालेल. तो बघितल्याशिवाय सुरळ्या आणि शिवलेली लेगिंग दोन्ही थांबवा.

मान: डाऊन सिंड्रोममध्ये पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याचा सांधा सैल असू शकतो. या वयात मानेचा एक्स-रे काढून उपयोग होत नाही, हाडं पुरेशी तयार नसतात. साधारण तीन वर्षांनंतरच त्यातून काही कळतं. म्हणून आत्ता काळजी घ्यायची ती हाताळणीत. डोक्यावरून दाब नाही, मान जोरात पुढे-मागे नाही, मालिशवाल्या बाईंचं उलटं धरून झटकणं, हवेत फेकून झेलणं बंद. हात-पाय तिरके ओढून ताणणंही बंद. हे सासूबाईंना माझ्या नावावर सांगा.

व्यायाम थांबवायची लक्षणं: ओठांभोवती निळसर, कपाळावर घाम, शांत असताना मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास. छिद्र छोटं असलं तरी हे पाहायचंच.

आणखी एक, ज्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. झोपेतून उठल्यावर अंग एकदम आवळून हात वर किंवा पुढे, काही सेकंदांनी पुन्हा तसंच, अशी साखळी दिसली तर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी दाखवा. ही आकडी डाऊन सिंड्रोममध्ये इतर बाळांपेक्षा जास्त आढळते, दिसायला दचकल्यासारखी, आणि घरात पोटदुखी समजून ओव्याचा शेक देत बसतात. हसणं कमी झालं, आलेलं कौशल्य गेलं तर तोही इशारा.

थायरॉइड पुन्हा बाराव्या महिन्यात, नंतर दरवर्षी. बेरा (ऐकू येतं का ते बघणारी चाचणी) आणि डोळ्यांची तपासणी राहिली असेल तर करून घ्या. ज्या बाळाला नीट दिसत किंवा ऐकू येत नाही ते डोकं उचलेल कशासाठी?

धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: ढिलेपणाचं कारण कळलेलं नसेल तर व्यायामाच्या आधी कारण शोधा. चेहरा हुशार, नजर चौकस, पण हातापायांत जोर नाही, जीभ थरथरते, श्वास घेताना छाती आत आणि पोट बाहेर, गुडघ्याखाली हलकं ठोकल्यावर पाय उडत नाही, असं असेल तर स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीची (स्नायू दुबळे करत नेणारा जनुकीय आजार) जनुकीय चाचणी त्याच आठवड्यात. त्यावर आता औषधं आहेत आणि ती जितक्या लवकर तितकी उपयोगी.

जुळेसोलापूरकर

खूप आभार दोघांचेही. खुब्याचा एक्स-रे झालेला नाही, उद्या विचारते. मालिश पूर्ण बंद करायचं का? बाईंना नको म्हणणं घरात अवघड आहे. आणि दुपारी इथे इतकं तापतं की ती सगळ्याला कंटाळते.

ओटी_अक्कलकोटरोड

बाईंना काढायची गरज नाही, कामाची पद्धत बदला. लांब, सावकाश, तेलाचा हात स्नायू सैल करतो. ताठ बाळाला ते चांगलं. तुमची आधीच सैल आहे. तिला हवा तो ठाम आणि थोडा वेगाचा स्पर्श: तळव्याने पायाच्या तळापासून मांडीकडे, हाताच्या पंजापासून खांद्याकडे, पाठीवर कण्याच्या दोन्ही बाजूंना हलक्या थापट्या. एकेका भागावर पाच-सहा वेळा. हे व्यायामाच्या आधी, कोरड्या हाताने, तीन-चार मिनिटं. तेल लावायचंच असेल तर व्यायाम झाल्यावर, आंघोळीच्या आधी. तेलाच्या हातातून बाळ निसटतं आणि तुम्ही नकळत जास्त घट्ट धरता. घट्ट धरलेलं बाळ हलत नाही.

पुष्कळ आया विचारतात, सांध्यांवर दाब देऊ का. पाठ सरळ बसलेली असताना दोन्ही खांद्यांवरून सरळ खाली, अंड्याला तडा जाणार नाही इतका हलका, पाच-सहा वेळा. पाठ वाकलेली असेल तर तोच दाब वाक वाढवतो, तेव्हा नको.

ऊन: एप्रिल-मे मध्ये सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. दुपारी फक्त उचलण्या-धरण्याच्या पद्धती सांभाळा. घामाने अंग चिकट झालं की पालथं घातल्यावर कातडी चादरीला ओढली जाते आणि पोर त्यासाठी रडतं, आपण समजतो व्यायाम नको म्हणतंय. पातळ सुती झबलं घाला, पाय मात्र उघडे.

कडेवर घेणं हा अर्ध्या दिवसाचा व्यायाम असतो हे कुणी मोजत नाही. नेहमीसारखं पाय फाकवून कडेवर घेतलं की मांड्या दिवसभर बाहेरच. खुब्याचा एक्स-रे ठीक आला की निदान निम्मा वेळ तिची पाठ तुमच्या छातीला, तोंड बाहेर, एक हात तिच्या दोन्ही मांड्यांखालून असा की गुडघे जवळ येतील, दुसरा छातीवर. थोडी पुढे झुकवा, ती पाठ उचलते. थोडी डावीकडे कलती करा, मान उजवीकडे सरळ होते. पाच-दहा अंशच, जास्त कललं की घाबरून सगळं सोडून देते. झोळीत झोपवत असाल तर झोपेपुरतीच, आणि नजरेसमोर. जागी असताना झोळीत पाठ गोल, हनुवटी छातीला, हात बाहेर काढायला जागा नाही.

हातांसाठी एक. बसवून पाटावर हात टेकवताना मूठ नको, पंजा उघडा. मनगटाच्या मागून तुमची दोन बोटं हलकी टेकवलीत की पंजा उघडतो. पुढ्यात स्टीलची वाटी आणि चमचा ठेवा. आवाज येतो, चमकते, आणि वजन असल्यामुळे ढकलायला जोर लागतो. प्लॅस्टिकचा खुळखुळा इतका हलका की काही करावंच लागत नाही.

नवीपेठ_फिजिओ

व्होयटाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. त्यात ठरावीक स्थितीत ठेवून शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर दाब देतात आणि सरपटण्याचा, वळण्याचा साचा प्रतिक्षिप्तपणे उठवतात. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी ५ ते २० मिनिटं, आईनेच करायचं. पालथी असताना हात बाजूला पसरण्यावर त्याचा परिणाम लवकर दिसतो. प्रशिक्षित माणसाने हात धरून शिकवल्याशिवाय, व्हिडिओ बघून मात्र नको.

फिजिओ_सातरस्ता

मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. त्यात बहुतेक बाळं रडतात, दिवसातून चार वेळा रडवणं घराला पेलत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात सगळंच बंद पडतं. ते इतर पद्धतींपेक्षा सरस आहे असा ठोस पुरावाही नाही. पुण्याला जाऊन-येऊन शिकायची तयारी असेल तर ठीक. पण आठवड्याला एकच तास फिजिओ असताना बाकीचा आठवडा कसा उचलता, कसं धरता यावर जास्त काही ठरतं. यावर आमचं दोघांचं जमणार नाही, ताईंनी ठरवावं.

वॉकरचं कारण राहिलं. त्यात ती काखेतून लटकते, खांदे वर, पंजे टाचेशिवाय टेकलेले, आणि कटीला काहीच काम नाही. कॅनडाने २००४ मध्ये चाकांच्या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, ती अपघातांमुळे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो मूल स्वतः उभं राहून ढकलतं. पण तोही उभं राहायला आल्यावर, आणि चाकांवर थोडं वजन ठेवून, नाहीतर पुढे पळतो. तोवर गुडघ्यांवर उभं करा: पुढ्यात लोड, तिचे हात त्यावर, तुमचे हात कमरेच्या दोन्ही बाजूंना, गुडघे खुब्याखाली. बसण्यात कमरेवर धरून जमू लागलं की हे सुरू करायचं.

आकड्यांच्या अपेक्षेबद्दल: इतर मुलं आधाराशिवाय बसतात ती साधारण ४ ते ९ महिन्यांत, चालतात ८ ते साडेसतरा महिन्यांत. डाऊन सिंड्रोममध्ये बसणं सरासरी ११ महिन्यांच्या आसपास आणि चालणं दोन वर्षांच्या आसपास येतं, कुणाचं बरंच नंतर. म्हणजे तुमची मुलगी तिच्या वाटेवर फार मागे नाही. एक अभ्यास सांगण्यासारखा आहे: अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अर्धा मिनिट स्वतः बसता येणाऱ्या डाऊन सिंड्रोमच्या बाळांना घरी छोट्या ट्रेडमिलवर काखेतून आधार देऊन रोज ८ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस चालवलं. ती इतरांपेक्षा सरासरी १०१ दिवस आधी चालली. पट्टा अगदी संथ, सेकंदाला २० सेंटीमीटर. तुम्ही ट्रेडमिल आणावी असं नाही. थोडं थोडं, रोज, आणि पाय बाळाने टाकायचा, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

खर्चाचं: आठवड्याला एकापेक्षा जास्त सेशन परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जा. अंगणवाडीत तपासणीला येणारं पथक जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी देतं. तिथे थेरपी मोफत असते. अंगणवाडी सेविकेकडे पथकाच्या पुढच्या भेटीची तारीख विचारा, किंवा फाइल घेऊन सिव्हिलच्या बालरोग ओपीडीत चौकशी करा. डाऊन सिंड्रोम त्यांच्या यादीत नावानिशी आहे.

जुळेसोलापूरकर

समजलं. आज कुल्ल्यांवर हात ठेवून पालथी घातली. डोकं वर आलं, पण डावं कोपर सारखं बाहेर जातं.

फिजिओ_सातरस्ता

डाव्या कुशीवर होत नाही ना, त्याच बाजूचं आहे. कुल्ल्यांवरचा तळवा मध्यभागी न ठेवता थोडा डावीकडे न्या, म्हणजे वजन डावीकडे जाऊन कोपर दाबलं जाईल. खेळणं उजव्या हाताच्या बाजूला, जेणेकरून उजवा हात उचलायला लागेल आणि डाव्यावर उभं राहावं लागेल. झोपवतानाही बघा, तिचं तोंड नेहमी एकाच बाजूला असतं का. दिवा, दार, आईची जागा एकाच बाजूला असली की असं होतं. पाळण्यातलं उशापायथ्याचं टोक रोज बदला. पुढच्या सेशनला फिजिओंना मान दोन्हीकडे सारखी वळते का तेवढं मोजायला सांगा.